हिवाळ्यांतील संत्र्याची बाग : ताण केव्हां द्यावा व केव्हां तोडावा

मार्गशीर्ष संपून पौष लागला म्हणजे शेतकऱ्याचें सारें लक्ष गहूं-हरभऱ्याकडे असतें. संत्र्याची बाग या दिवसांत स्तब्ध दिसते. तिच्यांत फूल नाहीं, नवी पालवी नाहीं आणि पाणीहि बंद. यामुळें तेथें आतां कांहीं काम उरलें नाहीं असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः येत्या आंबिया बहाराचें भवितव्य याच पांच-सहा आठवड्यांत ठरतें. नागपूर व अमरावती जिल्ह्यांतील काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी इत्यादि तालुक्यांत ज्यांच्या बागा आहेत अशा वाचकांसाठीं या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ताण म्हणजे काय तें पाहूं. संत्र्याचें झाड वाढ थांबल्याखेरीज भरघोस फुलत नाहीं. उत्तरेकडील कडक थंडींत ही विश्रांति त्यास आपोआप मिळते. आपल्याकडे थंडी बेताची असल्यामुळें पाणी तोडून तिला साहाय्य करावें लागतें. मुळांना ओलावा मिळेनासा झाला म्हणजे पालवी थांबते, पानांनीं तयार केलेलें अन्न फांद्यांत सांठतें आणि पुढें पाणी मिळतांच डोळ्यांतून फूल बाहेर पडतें. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारींत फुलतो व त्याचें फळ ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास उतरतें. मृग बहार पावसाळ्याच्या आरंभीं फुलून त्याचें फळ फेब्रुवारी-मार्चमध्यें तयार होतें. तेव्हां ज्या झाडावर आज मृगाचें फळ उभें आहे त्यास ताण देणें म्हणजे हातचें फळ गाळणें होय. एका झाडापासून एकच बहार घ्यावा. दोन्ही घेऊं पाहणाऱ्याचें झाड लवकर थकतें.

ताण किती दिवस द्यावा यास सर्वत्र एकच माप नाहीं. हलक्या व मध्यम जमिनींत साधारणतः चार ते सहा आठवडे पुरतात. भारी काळ्या जमिनींत ओल दीर्घकाळ टिकत असल्यानें सहा ते आठ आठवडेहि लागतात. दिवस मोजण्यापेक्षां झाडाकडे पाहावें हें अधिक बरें. पानांचा तजेला जातो, तीं फिकट पिवळसर होतात, दुपारीं मिटल्यासारखीं दिसतात आणि सुमारें चौथा हिस्सा पानें गळतात, तेव्हां ताण पुरा झाला असें समजावें. दुपारीं मलूल झालेलें पान सकाळीं पुन्हां ताठ दिसलें तर झाड अद्याप तग धरून आहे. सकाळींहि तें तसेंच मिटलेलें राहिलें तर एक दिवसहि थांबूं नये. कोवळीं झाडें, डिंक्या रोगानें पछाडलेलीं व आधींच अशक्त झालेलीं झाडें यांना ताण मुळींच देऊं नये. लहान झाडांस तर कडक थंडीच्या रात्रीं सायंकाळीं हलकें पाणी द्यावें व बागेच्या कडेनें धूर करावा.

ताणाच्या दिवसांत करावयाचीं कामेंहि आहेत. फळ उतरल्यावर वाळलेल्या काड्या, म्हणजे सल, धारदार कात्रीनें हिरव्या भागापर्यंत कापून काढावी व बागेबाहेर नेऊन जाळावी. कलमाच्या जोडाखालीं खुंटावर फुटलेले धुमारे आणि सरळ वर धांवणारे पाणसोट काढून टाकावे. खोडावर डिंक दिसल्यास तेवढी रोगट साल खरडून तेथें, तसेंच मोठ्या फांदीच्या प्रत्येक कापास, बोर्डो मलम लावावें. त्यासाठीं मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर असें प्रमाण घ्यावें. मोरचूद व चुना हीं निरनिराळ्या भांड्यांत भिजवावीं व मग एकत्र करावीं. भांडें लोखंडी नसावें. मिश्रणांत लोखंडी पातें बुडवून पाहावें. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असें जाणून तो वाढवावा. फ्रान्सांतील मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानें हें औषध सन १८८५ मध्यें द्राक्षवेलींसाठीं प्रसिद्ध केलें; त्याचा उपयोग आजहि कमी झालेला नाहीं.

कित्येक ठिकाणीं ताणासाठीं मुळ्या उघड्या करण्याची जुनी चाल आहे. संत्र्याच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या बहुतांशीं वरच्या हात-दीड हात मातींतच असतात. त्या तोडल्यानें झाडास जखम होते व रोगास वाट मिळते. खोल नांगरटहि याच कारणानें वर्ज्य समजावी. उथळ वखरणी पुरेशी आहे.

आतां मुख्य मुद्दा. ताण तोडण्यापूर्वीं बागाईतदारानें आपल्या विहिरीचा हिशेब करावा. फूल आणणें ताणाच्या हातीं आहे, परंतु फळ टिकविणें विहिरीच्या हातीं आहे. फुलोऱ्यापासून मृगाच्या पावसापर्यंत चार महिन्यांहून अधिक काळ जातो आणि त्यांतच वैशाखाचें ऊन येतें. वरूड-मोर्शीकडे भूजलाचा उपसा फार झाल्यानें उन्हाळ्यांत बागा वाळल्याचीं उदाहरणें वाचकांस ठाऊक आहेत. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, तिच्यांतील पाण्याची नसते. ती नोंद मालकानेंच ठेविली पाहिजे. पंप किती तास चालल्यावर पाणी तळास जातें व विहीर पुन्हां भरावयास किती तास लागतात हें पौषांत लिहून ठेवावें, आणि मागील मे महिन्यांतील अनुभवाशीं ताडून पाहावें. पाणी निम्म्या बागेसच पुरेल असें दिसल्यास निम्म्याच झाडांचा आंबिया धरावा. उरलेलीं झाडें जगण्यापुरत्या पाण्यावर ठेवून त्यांचा मृग घ्यावा. सगळ्या बागेस फूल आणून चैत्रांत फळगळ पाहण्यापेक्षां हें शहाणपणाचें आहे. फळ गेलें तर एका वर्षाचें नुकसान होतें, पण झाडच वाळलें तर नवें लावून फळावर येण्यास पांच-सहा वर्षें जातात.

हिशेब जमल्यावर जानेवारीच्या मध्यास ताण तोडावा. बाग निंदून, उथळ वखरून, पानांच्या घेराइतकीं आळीं करावीं. आळें दुहेरी असावें, म्हणजे पाणी खोडास लागत नाहीं. मोठ्या झाडास ४० ते ५० किलो कुजलेलें शेणखत द्यावें. वरखतें माती व पानें तपासून घेऊन त्यानुसार द्यावीं. पहिलें पाणी हलकें, यास आंबवणी म्हणतात. तीन-चार दिवसांनीं दुसरें थोडें अधिक, ती चिंबवणी. त्यानंतर जमिनीच्या मगदुराप्रमाणें नियमित पाळ्या द्याव्या. ठिबक असल्यास तासहि असेच क्रमाक्रमानें वाढवावे. पहिल्याच दिवशीं भरपूर पाणी सोडल्यास फुलाऐवजीं पालवीच जोर करते. पाणी सुरू झाल्यावर आळ्यांत वाळलेल्या गवताचें किंवा गव्हाच्या काडाचें चार बोटें जाड आच्छादन घालावें, ओल टिकते.

ताण चालू असतां अवकाळी पाऊस झाला आणि जमीन मुळांपर्यंत भिजली, व ताणाचे दिवसहि बहुतेक भरले असले, तर तो पाऊस हीच आंबवणी समजून पुढील पाणी चालू करावें. फुटूं लागलेल्या डोळ्यास पुन्हां तहानेंत ठेविल्यास फूल गळतें. पाऊस केवळ शिंतोड्यापुरता असेल तर ताण तसाच चालू ठेवावा.

या कामांत खर्च थोडा व लक्ष फार लागतें. रोज सकाळीं बागेंत एक फेरी मारून पानें पाहणें आणि आठवड्यांतून एकदां विहिरींत दोर सोडून पाण्याची खोली वहींत टिपणें, एवढा नेम जो पाळील त्यास ताण केव्हां तोडावा हें दुसऱ्यास विचारावें लागणार नाहीं.