स्टॅलियनवरून उतरण्याआधी

बिबवेवाडी, पुणे

चि. संतोष,

तू पुढच्या वर्षी फौजेतून सुटून घरी येणार आणि नंतरही गाडीच चालवणार, हे समजलं. हा बेत मला पटतो. पटत नाही ते एवढंच, की 'लायसन्सचं घरी आल्यावर बघू' म्हणतोस. माझं मत नेमकं उलट आहे. मालवाहतुकीचा मुलकी परवाना अंगावर वर्दी असतानाच खिशात पडला पाहिजे. तो काढताना कायदा तुला जी सूट देतो ती खुशाल घे, पण त्या सवलतीच्या जोरावर 'आपल्याला सगळं येतं' असं धरून चालू नकोस. या दोन्ही गोष्टींची कारणं जरा सविस्तर लिहितो, कारण युनिटमध्ये तुम्हा ड्रायव्हर लोकांत याबद्दल ऐकीव माहितीच जास्त फिरते.

आधी कायदा काय म्हणतो ते बघ. तुझ्याकडचा लष्करी परवाना मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८ खालचा आहे. तो देशभर चालतो, पण केंद्र सरकारच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या आणि संरक्षणाच्या कामाला लावलेल्या गाड्यांपुरताच. या परवान्यावर दुसरी कुठलीही गाडी चालवता येणार नाही, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे झोजिलावरून फौजेचा स्टॅलियन ट्रक नेणारा नायक उद्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याचा ट्रक रिव्हर्स घ्यायला बसला, तर कायद्याच्या लेखी तो विनापरवाना. त्याला पाच हजार दंड, आणि त्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला वेगळे पाच हजार. दंडाचं सोड, तो भरता येतो. मालकाला धास्ती असते ती विम्याची. चालकाकडे योग्य परवाना नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देते आणि मग तीच रक्कम मालकाकडून वसूल करायला कोर्टात उभी राहते. एका अपघातात धंदा बसतो. म्हणून दोन गाड्यांचा मालकसुद्धा सर्व्हिस किती झाली हे विचारण्याआधी लायसन्स दाखव म्हणतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता त्याच कायद्याचं दुसरं अंग. कलम ९ प्रमाणे परवाना मिळण्याआधी चाचणी द्यावी लागते. पण ज्याच्याकडे त्याच वर्गाच्या गाडीचा कलम १८ खालचा परवाना आहे किंवा पूर्वी होता, त्याला ही चाचणी माफ आहे. गंमत अशी, की सामान्य माणसाचा परवाना संपून पाच वर्षं उलटली तर त्याची माफी जाते. फौजी परवान्याला मात्र या कलमात अशी मुदतच घातलेली नाही. तू म्हणशील, मुदत नाही तर घाई कशाला? अमेरिकेतही सैन्यातल्या ट्रकचालकांना रस्त्यावरच्या चाचणीतून सूट मिळते, पण तिथे नुकताच दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो आणि सेवा सुटल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. हात बसलेला आहे तोवरच माफी, असा त्यामागचा हिशेब. आपल्या कायद्याने तो हिशेब केला नाही, म्हणून हात गंजायचा थांबत नाही. शिवाय माफी मागायची तर पुरावा दाखवावा लागतो. आज तुझा परवाना, त्यावरचे वाहनवर्ग, अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला हे सगळं एका ऑफिसात, चार पावलांवर आहे. घरी आल्यावर तू फलटणला असशील, युनिट लेहला नाहीतर तेजपूरला गेलेलं असेल, आणि एका शिक्क्यासाठी पत्रव्यवहार करत बसावं लागेल. शिवाय 'त्याच वर्गाच्या' हे शब्द नीट वाच. परवान्यावर जो वर्ग नोंदलेला नाही त्याची माफी मिळत नाही, मग प्रत्यक्षात ती गाडी तू कितीही हाकलेली असो. हे आत्ताच तपासलंस तर दुरुस्त करून घेता येईल.

यात आणखी एक अडचण आहे. नेहमीच्या मार्गाने गेलास तर हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असल्याशिवाय व्यावसायिक वाहनाचं लर्निंग मिळत नाही. तुझ्याकडे मुलकी कारचं लायसन्स नसेल, आणि माफीच्या कागदात काही खोट निघाली, तर ते वर्ष घरी बसून काढावं लागेल. म्हणून या रजेत आधी कारचं काढून टाक. 'सुप्रीम कोर्टाने कारच्या लायसन्सवर टेम्पो चालवायला परवानगी दिली आहे' असंही कुणी सांगेल. खरं आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने तसा निकाल दिला. पण तो साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाड्यांपुरता. दोन अ‍ॅक्सलचा साधा ट्रक मालासकट साडेअठरा टनांपर्यंत भरतो. तुला छोटा हत्ती चालवायचा नसेल, तर त्या निकालाचा तुला उपयोग नाही. बाकी अर्ज सारथी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, डॉक्टरकडून नमुना १-ए चा दाखला घ्यायचा, आणि संगम पुलाजवळच्या आरटीओतलं काम स्वतः जाऊन करायचं. दलालाला हात लावू नकोस. व्यावसायिक परवाना पाच वर्षांचा असतो, नूतनीकरणाला पुन्हा तब्येतीचा दाखला लागतो. चाळिशी जवळ आली आहे, डोळे तपासून घे.

आता मुख्य मुद्दा. चाचणी माफ म्हणजे तुझी फौजेतली गाडी आणि बाहेरची गाडी एकच, असं कायदा म्हणतो. रस्ता तसं म्हणत नाही. स्टॅलियनवर तू पाच टन, चांगल्या रस्त्यावर फार तर साडेसात टन माल नेलास. बाहेर ट्रेलरचं एकूण वजन पंचावन्न टनांपर्यंत जाऊ शकतं. ते थांबायला किती अंतर लागतं आणि वळणावर मागचा भाग कसा आत ओढला जातो, हे नव्याने अंगात मुरवावं लागतं. कॉनव्हॉयमध्ये पुढची गाडी किती अंतरावर, कुठे थांबायचं, डिझेल कुठे मिळणार, हे दुसरा कुणीतरी ठरवत होता. बाहेर हे सगळं तुझ्या एकट्याच्या डोक्यावर, आणि वर कागद. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं, आणि त्याची मुदत अंतरावर ठरते, दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. पुणे ते दिल्ली साधारण साडेचौदाशे किलोमीटर, म्हणजे आठ दिवस. वाटेत गाडी बिघडून मुदत संपत आली, तर संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घ्यावी लागते, नाहीतर माल आणि गाडी दोन्ही अडकतात. बिल्टी, फास्टॅगमधली शिल्लक, वाराई कुणी द्यायची, परतीचं भाडं मिळणार की रिकामी फेरी, यातलं काहीच कार डायरीत नव्हतं. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत अठरा वर्षांचा क्लीनर या बाबतीत तुझ्यापेक्षा चार गोष्टी जास्त जाणतो. त्याच्याकडून शिकायला कमीपणा वाटू देऊ नकोस.

पण याचीच दुसरी बाजू आहे, आणि तिच्या भरवशावरच मी तुला हा धंदा कर म्हणतो. नवले पूल आमच्यापासून फार लांब नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणाऱ्या एका ट्रकने तिथे कितीतरी गाड्या ठोकरल्या. आधी ब्रेक फेल झाल्याचं बोललं गेलं. पोलिसांच्या तपासात पुढे आलं की डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिनच बंद केलं होतं. इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसर हवा भरत नाही, टाकीतला दाब ब्रेक मारेल तसा उतरत जातो, स्टेअरिंगही जड होतं. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवायची, हे तुला दरडावून शिकवलेलं आहे. सकाळची फर्स्ट परेड, वाटेतली हॉल्ट परेड, गाडी लावताना लास्ट परेड: टायर, हवा, तेल, पाणी, नट, लाइट. तुम्हाला त्याचा कंटाळा येत असेल, पण बाहेरच्या रस्त्यावर नेमकी हीच गोष्ट दुर्मीळ आहे, आणि मालकाला तीच हवी असते, मग ती मागायची कशी हे त्याला ठाऊक नसलं तरी. वर्दीबरोबर ही सवय ट्रंकेत घालू नकोस.

ही सवय कुठे सगळ्यात जास्त पैसे देते तेही सांगतो. लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथून पेट्रोल-डिझेलचे टँकर निघतात. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला नेहमीच्या परवान्याखेरीज तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि परवान्यावर तशी नोंद लागते. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. ज्याने एएससीत, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, इंधन वाहिलं, त्याला यातलं जवळपास काहीच नवं नाही, आणि चालकांतले बरेचसे इथेच गळतात. म्हणून परवाना झाला की लगेच हेही कर.

घरात दोन आक्षेप निघतील. पहिला वहिनींचा: माजी सैनिकांच्या मेस्को महामंडळामार्फत सिक्युरिटीची नोकरी मिळते, घराजवळ राहता येतं, मग पुन्हा रस्त्यावर कशाला? नोकरी वाईट नाही, आणि रोज संध्याकाळी घरी असणं ही छोटी गोष्ट नाही. पण सतरा वर्षांत सरकारने खर्च करून तुला जे शिकवलं, ते गेटवर रजिस्टर भरताना वाया जातं, आणि दोन वर्षांनी परत फिरावंसं वाटलं तर तोवर हात बसलेला नसतो. घर हाच प्रश्न असेल तर एसटीचा विचार कर. गट क आणि गट ड च्या सरकारी पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि बस चालवायची तर बॅज लागतो, म्हणजे पहिली पायरी पुन्हा परवानाच. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. फौजेत अपघात झाला तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, बाहेर जमाव आणि पोलीस ठाणं. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली, त्यावर जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला, आणि ते पोटकलम सरकारने अजून लागू न करता बाजूला ठेवलं. तरीही निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहेच. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मात्र चौकशीत चालकाच्या बाजूने कामाला येतात त्या गोष्टी तुझ्या हातातल्या आहेत: योग्य वर्गाचा चालू परवाना, ओव्हरलोड नसलेली गाडी, झोपेचा हिशेब. कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा लिहिली आहे. ती कुणी पाळत नाही, हे मलाही माहीत आहे. तरी दोन चालकांचं काम एकट्याकडून करून घेणाऱ्या मालकाकडे पहिल्याच दिवशी नाही म्हण. पेन्शन असलेल्या माणसाला ते परवडतं; इतरांना परवडत नाही, म्हणून तर हे चाललंय.

पेन्शन विकून ट्रक घ्यायचा विषय मात्र आत्ता काढूच नकोस. कम्युटेशनची रक्कम हातात आली की शोरूमवाला आणि फायनान्सवाला दोघेही तुला 'साहेब' म्हणतील. हप्ता दर महिन्याला येतो, भाडं येत नाही. टायर, विमा, फिटनेस यांना रिकामी फेरी कळत नाही. आधी दुसऱ्याच्या गाडीवर तिन्ही ऋतू काढ. पावसाळ्यात भाडी कशी पडतात, मार्केट यार्डात सफरचंदाचा हंगाम सुरू झाला की काश्मीरच्या खेपांचे दर कसे चढतात, कोणता व्यापारी पैसे अडकवतो, हे कळू दे. मग वही घेऊन बस, मीही बसतो.

रजेवर येशील तेव्हा लष्करी परवाना, वर्गांची नोंद असलेला युनिटचा दाखला, आधार आणि फोटो बरोबर आण. परवान्यावर हेवी आहे का आणि ट्रेलर आहे का, हे आजच बघून फोनवर कळव. नसेल तर तुझ्या एमटीओ (मोटार ट्रान्सपोर्ट ऑफिसर) साहेबांशी बोलायला अजून वेळ आहे.

तुझा,
काका