जॅझचे कॉर्ड, मेटलचा गेन

प्रश्न : मी हौशी गिटारवादक. सध्या जॅझ आणि एक्स्ट्रीम मेटलचे अल्बम आलटूनपालटून ऐकतोय. जॅझचे कॉर्ड डिस्टॉर्शनवर वाजवले की नुसता गोंगाट होतो. असं का? पुढे काय ऐकू?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दोष तुमच्या बोटांचा नाही. डिस्टॉर्शनमुळे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या कंप्रतांची बेरीज-वजाबाकी होऊन नवे स्वर उमटतात. सा-प जोडीत ते मूळ स्वरांशी जुळतात, म्हणून मेटलचा पॉवर कॉर्ड भरदार लागतो. सेव्हन्थ, नाइन्थ कॉर्डमध्ये मात्र ते एकमेकांवर आदळतात. गेन उतरवा, कॉर्डमधला तिसरा आणि सातवा एवढेच स्वर ठेवा; मूळ स्वर बेसवाल्यावर सोडा.

ऐकायला सुरुवात घरातूनच करा. मुंबईत जन्मलेले गोवेकर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा यांचा ‘इंटिग्रेशन’ (१९६९) ऐका. जो हॅरियटबरोबरचा ‘हम दोनो’ही त्याच वर्षीचा. मग मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनचा ‘दशावतार’ (२०१७). दोन्ही प्रवाह एकत्र हवे असतील तर अमेरिकेतल्या एथिइस्टचा ‘अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स’ (१९९१) आणि सिनिकचा ‘फोकस’ (१९९३). ‘फोकस’मध्ये गिटार कुठे स्वच्छ होते आणि कुठे खरखरते, ते टिपून ठेवा. तुमच्या अडचणीचं उत्तर तिथे वाजून दाखवलेलं आहे.