कुरणातील शाळा

वसई तालुक्यातील कळंबच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे पाहिले, तर समुद्रकाठची गावे डहाणूच्याही पलीकडे बोर्डीपर्यंत गेलेली आहेत. आज हा सारा प्रदेश पालघर जिल्ह्यात आहे; २०१४ पूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता. बोर्डी हे गाव समुद्रासाठी व चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. या गावात १९२० साली हायस्कूल सुरू झाले. लहानशा खेड्यात हायस्कूल असणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. त्याचे मुख्याध्यापक आचार्य शं. रा. भिसे यांची दृष्टी शाळेच्या कुंपणाआड अडकून पडली नव्हती. आसपासच्या आदिवासी पाड्यांवरील लोकांची सेवा हेही त्यांनी आपले काम मानले.

परंतु हायस्कुलात पोचायचे तर आधी पहिली इयत्ता ओलांडावी लागते आणि डोंगराकडच्या वारली मुलांना तीही दुर्मीळ होती. त्यांचे आईबाप जमीनदारांच्या शेतांत व रानांत राबत. पुष्कळांवर वेठबिगारीचे ओझे होते. १९४५ साली गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले आणि यापुढे वेठ करणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. योगायोग असा, की त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले होते. लहान मुलांना मारून व दटावून शिकवू नये, त्यांना हातांनी व डोळ्यांनी शिकू द्यावे, हा विचार त्यांच्या मनात पक्का होता. मात्र शहरातील बालमंदिरांतून असते तसे महागडे साहित्य खेड्याला परवडणारे नव्हते. तेव्हा शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या हेच साहित्य झाले. चिंचोके मोजता मोजता मुले बेरीज शिकू शकतात. मग लाकडी मणी कशाला हवेत?

या कामात त्यांना अनुताई वाघ यांची साथ लाभली. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि थोड्याच महिन्यांत त्यांना वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य बहुधा घराच्या कोपऱ्यात संपून जाई. अनुताई मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागा शाळेत त्यांनी अध्यापन केले. शहरातील ती सुस्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या.

पुढे १९५७ च्या सुमारास हे केंद्र डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता वारल्यांचे पाडे जवळ आले. पण मुले मात्र जवळ येईनात! परके माणूस दिसले, की ती रानात पळून जात. त्यांची बोली वारली. पुस्तकातील मराठी त्यांच्या कानांना परकी वाटे. म्हणून ती शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्याकडे न्यावी, असे ताराबाई व अनुताई यांनी ठरविले. पाड्यावरच्या एखाद्या झोपडीच्या अंगणात गाणी व गोष्टी सुरू झाल्या. पहिला धडा बहुधा अक्षरांचा नसे. आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे येथूनच आरंभ होई. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. हे नाव ताराबाईंच्या कामातून पुढे आले आणि १९७५ साली केंद्र सरकारने बालकांसाठी देशभर योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

तरीही थोडी मोठी मुले हाती लागत नव्हती. ती आळशी होती काय? मुळीच नाही. सहा-सात वर्षांचा मुलगा सकाळीच गुरे घेऊन रानात जाई व सायंकाळी परते. तो शाळेत बसला, तर गुरे कोणी राखावीत? घरच्या पोटाचा प्रश्न होता. अशा बापाला शिक्षणाचे महत्त्व पटवून देणे सोपे असते. त्याची गुरे राखून देणे अवघड असते. पुष्कळ समित्या पहिल्याच कामावर थांबतात. कोसबाडला शिक्षक थेट कुरणात गेले. गुरे चरत असत आणि झाडाच्या सावलीत मुले शिकत असत. तिला कुरणशाळा म्हणत. भिंत नाही, बाक नाही, घंटा नाही. गुरे मोजणे हेच गणित आणि भोवतालची झाडे, पाखरे, माती हेच निसर्गाचे पुस्तक. मन लावून धडा चालला असताना एखादी गाय शेजारच्या शेतात शिरली, तर गुराख्याला उठावेच लागणार. अशा वर्गात शिकवावयाचे म्हणजे गुरुजींपाशी विद्येइतकाच धीरही हवा.

मुलींची अडचण निराळी होती. आई कामावर गेली, की धाकटे भावंड थोरल्या बहिणीच्या कडेवर. ते सोडून ती वर्गात कशी येणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली गेली. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात, अशी सोय झाली. या रचनेला विकासवाडी असे नाव होते. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्गही भरत.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा सन्मान मिळाला. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी हे काम पुढे नेले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली व १९९२ साली त्यांचीही जीवनयात्रा संपली. त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. शिक्षिका असतानाच त्या रात्रीच्या शाळेत जाऊन १९३७ साली मॅट्रिक झाल्या होत्या. महाविद्यालयाचे शिक्षण राहून गेले, ते मागेच पडले. कोसबाडला दुसऱ्यांच्या मुलांना शिकवीत असताना त्यांनी ते पुन्हा हाती घेतले आणि १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाल्या.