डोल्मा ला ओलांडण्यापूर्वी : कैलास परिक्रमेच्या पूर्वतयारीविषयी

श्रीकैलास-मानससरोवराच्या यात्रेचा संकल्प करणाऱ्या भाविकांनी सरोवराचे माहात्म्य ऐकलेले असते, छायाचित्रे पाहिलेली असतात, यात्रेच्या खर्चाचा हिशेबही मांडलेला असतो. परिक्रमेच्या दुसऱ्या दिवशी वाटेत येणाऱ्या डोल्मा ला या खिंडीची खरी ओळख मात्र अनेकांना तिच्या पायथ्याशी पोहोचल्यावरच होते. ती आधी व्हावी, एवढ्यासाठी हे टिपण. सन २०२० पासून स्थगित असलेली शासकीय यात्रा २०२५ साली पुन्हा सुरू झाली. त्यामुळे इतकी वर्षे थांबलेले अनेक भाविक आता निघण्याच्या तयारीत आहेत. आणि या काळात त्यांचे वयही वाढले आहे.

तिबेटी भाषेत डोल्मा म्हणजे तारादेवी आणि ला म्हणजे खिंड. तिची उंची सुमारे ५,६३० मीटर, म्हणजे साडेअठरा हजार फुटांच्या आसपास आहे. आपल्या महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. एकावर एक अशी तीन कळसूबाई शिखरे रचली, तरी ही खिंड त्यांच्याही वरच राहील. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. साहजिकच प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी.

संपूर्ण परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरांची असून ती बहुधा तीन दिवसांत करतात. पहिल्या दिवशी यमद्वारापासून नदीकाठाने दिरापुक येथे पोहोचावे लागते. ही चाल तुलनेने सोपी आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात निघून खिंड चढावी, पलीकडे उतरताना वरूनच गौरीकुंडाचे दर्शन घ्यावे आणि सायंकाळपर्यंत झुथुलपुक गाठावे, असा क्रम असतो. ही चाल वीस किलोमीटरांच्या घरात जाते. तिसरा दिवस हलका असतो. म्हणजेच यात्रेची खरी कसोटी एकाच दिवसाची आहे.

या दिवसाचे एक वैशिष्ट्य आधीच ध्यानी घ्यावे. खिंडीवर पोहोचल्यावर त्रास होऊ लागला, तर सुटका सोपी नसते. पुढची उतरण खडी व दगडगोट्यांची असल्याने घोड्यावर बसलेल्यांनाही तेथे खाली उतरून पायीच चालावे लागते. ‘घोडा केला आहे, मग चिंता नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. शिवाय घोडा पायांचे श्रम वाचवितो, विरळ हवेपासून वाचवीत नाही. म्हणून पुढे जायचे की परतायचे, हा निर्णय दिरापुकलाच घेतला पाहिजे.

विरळ हवेचा त्रास कोणाला होईल, हे आधी सांगता येत नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी वारी करणारे, दर रविवारी सिंहगड चढणारे, तरुण आणि व्यायामपटू यांनाही तो होतो. किंबहुना दमसासाच्या भरवशावर भराभर वर जाणाऱ्यांना अधिक होतो. तीन-चार महिने आधीपासून रोज चालण्याचा, चढण्याचा सराव अवश्य करावा. त्याने पाय व हृदय तयार होतात. परंतु उंचीची सवय शरीराला उंचीवरच आणि हळूहळूच लागते. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण संकेत आहे.

हा संकेत मनात ठेवून प्रवासाची आखणी तपासावी. लिपुलेख मार्गावरील शासकीय यात्रेत दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते, आणि वाटेत गुंजी येथे उंचीवर पुन्हा होते. तेथे अपात्र ठरलेल्यास परतावे लागते. अनेकांना ते कठोर वाटते. आमच्या मते ती कृपाच आहे. नेपाळमार्गे हवाई प्रवासात हा टप्पा सहज निसटतो. सखल भागातील नेपाळगंजहून विमानाने सिमिकोट म्हणजे सुमारे २,९०० मीटर, तेथून हेलिकॉप्टरने हिल्सा, मग सीमेपलीकडे सुमारे चार हजार मीटरांवर तकलाकोट, आणि पुढे ४,५९० मीटरांवर मानससरोवर. आयोजकाने ही मजल दोन-तीन दिवसांत बसविली असेल, तर मुक्काम वाढवून मागावा. ‘कमी दिवसांत यात्रा’ हा येथे गुण नव्हे.

दिवस राखून ठेवण्याचे दुसरेही कारण आहे. जुलै २०१८ मध्ये खराब हवामानामुळे सिमिकोट व हिल्सा भागात हजाराहून अधिक भारतीय यात्रेकरू अडकून पडले होते. ऑगस्ट १९९८ मध्ये कुमाऊँतील मालपा येथे दरड कोसळून साठ यात्रेकरूंसह दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हिमालयातील पावसाळा आपल्या परतीच्या तिकिटाकडे पाहून थांबत नाही.

आता लक्षणांविषयी. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरील वासना उडणे, झोप न लागणे ही पहिली सूचना होय. अशा वेळी आणखी वर न जाता आहे तेथेच थांबावे. विश्रांतीने बरे वाटले तरच पुढे जावे. स्वस्थ बसले असताही धाप लागणे, कोरडा खोकला वाढत जाणे, छातीत घरघर ऐकू येणे ही फुप्फुसांत पाणी साचत असल्याची चिन्हे आहेत. बोलण्यात असंबद्धता, तोल जाणे, टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालता न येणे, ही मेंदूला सूज येत असल्याची. या दोन्ही अवस्थांत सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णास तत्काळ खाली न्यावे. प्राणवायूची नळकांडी व औषधे खाली उतरेपर्यंत आधार देतात, उतरण्याला पर्याय ठरत नाहीत.

ॲसिटाझोलामाइड या प्रतिबंधक गोळीविषयी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काहीही असल्यास ते लपवू नये. झोपेच्या गोळ्या व मद्य वर्ज्य. डोकेदुखी होते आहे हे ‘नाव कमी होईल’ या भीतीने सोबत्यांपासून लपविणारे भाविक दर यात्रेत असतात. म्हणून दोघादोघांची जोडी ठरवावी आणि दिरापुकच्या रात्री प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची विचारपूस करावी, त्यास चार पावले सरळ रेषेत चालवून पाहावे.

खिंड शक्यतो दुपारपूर्वी ओलांडावी, कारण दुपारनंतर वारा व हिमवर्षाव वाढण्याचा संभव असतो. बोलता बोलता चालता येईल इतकीच गती ठेवावी. माथ्यावर पताकांपाशी क्षणभर हात जोडावेत आणि उतरू लागावे. ते रेंगाळण्याचे ठिकाण नव्हे. गौरीकुंडापर्यंत खाली जाण्याचा मोहही टाळावा, कारण तेथून पुन्हा वर चढताना उरलेली शक्ती खर्ची पडते.

षष्ट्यब्दीनिमित्त आईवडिलांना ही यात्रा घडवून आणणाऱ्या मुलांना, तसेच इतरांच्या यात्रेचा खर्च उचलणाऱ्या दात्यांनाही एक विनंती आहे. परिक्रमा पूर्ण झालीच पाहिजे, असे ओझे यात्रेकरूच्या मनावर ठेवू नये. कैलासाची उत्तरेकडील भव्य भिंत परिक्रमेत सर्वांत जवळून दिसते ती दिरापुकहून. खिंडीच्या माथ्यावरून ते दर्शन नाही. ज्यांचे शरीर दिरापुकला ‘पुरे’ म्हणते, त्यांनी पहाटे प्रथम किरणांत उजळणारा तो कैलास डोळे भरून पाहावा, प्रदक्षिणेचा संकल्प तेथेच श्रीचरणी अर्पण करावा आणि दिवस वर येताच सोबत्यासह दारचेनच्या वाटेला लागावे. या परतीसाठी सोबती, घोडा व वाहन यांची व्यवस्था आयोजकाकडून निघण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावी.