‘उफ्’ची मर्यादा : वृद्ध आणि त्यांचे सेवक

पवित्र कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमधील २३ व्या आयतीत अल्लाहने आपल्या उपासनेच्या आदेशालगतच आईवडिलांशी सद्वर्तनाचा आदेश दिला आहे. त्यांच्यापैकी एक किंवा दोघे वार्धक्यास पोहोचले, तर त्यांना ‘उफ्’देखील म्हणू नये, अशी ताकीद तेथे आहे. उसूले फिक्ह शिकविताना मदरशात याच आयतीचा दाखला देतात : जेथे त्रासिक उद्गारही निषिद्ध ठरला, तेथे मारणे, कोंडणे, उपाशी ठेवणे हे त्याहून अधिक निषिद्ध आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

वाचकहो, ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील अनेक घरांतून पतिपत्नी दोघेही सकाळच्या लोकलने मुंबई गाठतात आणि रात्री परततात. अंथरुणाला खिळलेल्या पित्यासाठी ब्यूरोकडून आया बोलावली जाते, अथवा त्यांना वृद्धाश्रमात ठेवले जाते. मुस्लिम कुटुंबेही याला अपवाद नाहीत. ही निकड केवळ निंदा करून मिटणार नाही. मात्र सेवा दुसऱ्याच्या हाती दिल्यावर ‘उफ्’ची मर्यादा कोणावर राहते, हे समजून घेतले पाहिजे.

ती दोघांवर राहते. सेवेचे श्रम मोबदला देऊन घेता येतात. सद्वर्तनाचे कर्तव्य मात्र विकत देता येत नाही. आयतीत ‘इन्दक’, म्हणजे ‘तुझ्यापाशी’, असा शब्द आहे. दरमहा शुल्क भरणारा पुत्र या शब्दातून मुक्त होत नाही. दुसरीकडे, सेवक हा ‘अजीर’ असून रुग्ण त्याच्याकडे अमानत असतो. ओले अंथरूण तासन्‌तास न बदलणे, पाणी मागितले असता दुर्लक्ष करणे, पलंगाला बांधणे, गप्प राहावे म्हणून झोपेची गोळी देणे, ‘ए म्हातारे’ अशी हाक मारणे, बोटातील अंगठी काढून घेणे ही सारी अमानतीतील खयानत होय.

देशाचा कायदाही येथे मूक नाही. असहाय व्यक्तीची शुश्रूषा करण्यास कराराने बांधलेल्याने ती जाणूनबुजून टाळली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ नुसार तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २४ मध्ये अशीच शिक्षा आहे. तक्रार व मार्गदर्शनासाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

परंतु शिक्षेचे भय प्रेम निर्माण करीत नाही. येथे ‘उफ्’ची दुसरी बाजू पाहावी. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे पैगंबर मुहम्मद (स.) यांची सेवा केली. या काळात आपण त्यांच्या तोंडून कधी ‘उफ्’ ऐकला नाही, अशी साक्ष त्यांनी दिली असून ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जो शब्द वृद्धाला ऐकवायचा नाही, तोच शब्द सेवकालाही ऐकवायचा नाही! बारा तासांची पाळी, वेळेवर न मिळणारे वेतन, एकाच मावशीवर अनेक रुग्णांचा भार आणि नातेवाइकांची अरेरावी, असा अपमान सोसणारा हात रात्री तीन वाजता कोमल राहील, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. यामुळे खयानत क्षम्य ठरत नाही. पण तिच्या पापात वेतन अडविणाऱ्याचा वाटा राहतो. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याचा आदेश इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे.

म्हणून ज्यांचे आईवडील आश्रमात आहेत, त्यांनी पूर्वसूचना न देता निरनिराळ्या वेळी भेटावे; पाठीवर, टाचांवर जखमा आहेत का ते पाहावे; वृद्धाशी एकांतात बोलावे. मावशीचे नाव विचारावे, सलाम करावा, तिच्या विश्रांतीची चौकशी करावी. मशिदीच्या जमातीनेही आपल्या भागातील आश्रमांत नियमित जाण्याची व्यवस्था करावी. जेथे कोणी येत-जात असते, तेथे अन्यायाला लपण्यास जागा कमी मिळते.

पुढच्याच, २४ व्या आयतीत अल्लाहने अपत्याला मातापित्यांसाठी दयेची याचना शिकविली आहे, कारण त्यांनी त्याला बालपणी वाढविले. ही दुआ करणाऱ्याची पावले त्यांच्या पलंगापर्यंत पोहोचावीत, अशी सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.