मुरमातून उमटलेली माणसे

बंगालमधील बांकुडा या गावी १९०६ साली एका गरीब नाभिक कुटुंबात रामकिंकर बैज यांचा जन्म झाला. गावातील मूर्तिकारांचे काम पाहता पाहता या मुलाला चित्रे व मूर्ती करण्याचा छंद जडला. पुढे राष्ट्रीय चळवळीसाठी पुढाऱ्यांची चित्रे तो रंगवू लागला. ‘मॉडर्न रिव्ह्यू’चे संपादक रामानंद चटर्जी यांनी त्याचे गुण हेरले आणि १९२५ साली तो शांतिनिकेतनातील कलाभवनात विद्यार्थी म्हणून दाखल झाला.

तेथे आचार्य नंदलाल बसू यांच्या शिकवणीत भोवतालच्या जीवनाच्या रेखाटनाला मोठे महत्त्व होते. शेतात राबणारे, ओझी वाहणारे संथाळ स्त्रीपुरुष रामकिंकर कागदावर उतरवू लागले. जलरंग झाले, तैलरंग झाले, मातीकामही झाले. परंतु त्यांची ओढ होती ती उघड्या आकाशाखाली भव्य शिल्प उभारण्याची.

येथेच अडचण उभी राहिली. संगमरवर व कासे यांना पैसा फार लागे. कच्ची माती पहिल्याच पावसात विरघळून जाई. मग साधन आणावे कोठून? उत्तर पायांखालीच होते. कोकणातल्या जांभ्या दगडासारखा तांबडा मुरूम त्या परिसरात विपुल सापडतो. रामकिंकरांनी त्याची खडी वाळू-सिमेंटात कालवली. लोखंडी सळयांचा सांगाडा उभा करून त्यावर या मिश्रणाचे थर ते थापीत आणि ओले असतानाच त्याला आकार देत. सिमेंट काही तासांत घट्ट होते. त्यामुळे विचार करीत थांबण्यास सवड नसे. अशा वेळी रेखाटनाने तयार झालेला हातच उपयोगी पडे. शिल्पाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करण्याऐवजी त्यांनी तो मुद्दाम खरबरीत ठेवला.

१९३५ साली निलगिरीच्या उंच झाडांमध्ये तशीच उंच, सडपातळ ‘सुजाता’ उभी राहिली. १९३८ च्या सुमारास ‘संथाळ कुटुंब’ पूर्ण झाले. पुरुषाच्या खांद्यावर कावड, कावडीत मूल, शेजारी पत्नी, सोबत कुत्रा. तुटपुंजा संसार घेऊन हे कुटुंब कामाच्या शोधात निघाले आहे. १९५६ च्या ‘गिरणीची हाक’ या शिल्पात भोंगा ऐकून कामावर धावणाऱ्या स्त्रिया दिसतात.

त्या काळी आपल्या शहरांतील चौकांत पुतळे असत ते बहुधा राजांचे व अधिकाऱ्यांचे. मजुराचे कुटुंब एवढ्या भव्य आकारात घडविणे हेच मुळी धाडसाचे होते. शिवाय ज्या भूमीवर हे लोक राबत, तिच्याच खडीतून त्यांची शिल्पे घडली. गुळगुळीत संगमरवरात त्यांच्या कष्टांचा राकटपणा क्वचितच उतरला असता. उणीव भरून काढण्यासाठी शोधलेले साधन विषयाला असे शोभून दिसले.

रामकिंकरांनी पुढे कलाभवनातच अध्यापन केले. १९७० साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला आणि १९८० साली ते निवर्तले. कलाभवनाच्या आवारात संथाळ पुरुष आजही आपली कावड खांद्यावर घेऊन चालतो आहे.