रवंथ थांबला, तिथूनच आजार धरा

कारंजा (घाडगे) भागात गवळाऊ बैल घ्यायला आलेला बाहेरचा माणूस आधी अंगावरचं मांस पाहतो आणि तिथेच फसतो. ही जात मुळातच सडपातळ, लांबट तोंडाची, चालीला चपळ. एखादी बरगडी दिसली म्हणून गवळाऊ आजारी नसतो, आणि भरलेला दिसला म्हणून ठणठणीतही नसतो.

आमच्या जोडीतला उजवा बैल चांगला भरलेला होता. श्रावणातल्या एका संध्याकाळी त्याने गव्हाणीतलं कुटार हुंगून सोडलं. बसला, पण जबडा हलेना. मी वावरातून येईपर्यंत गावातल्या एका जाणत्याने पोटफुगी समजून, जीभ ओढून, मान उंच धरून नळ्याने तेल पाजलं होतं. बैलाला जोराचा ठसका लागला. पुढे श्वासाला घाण वास येऊ लागला, धाप लागली आणि बैल गेला. तेल फुप्फुसात उतरलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

म्हणून कळकळीने सांगतो, संध्याकाळी कोठ्यात दहा मिनिटं नुसतं बसा. निरोगी जनावर निवांत रवंथ करतं. एक घास चाळीस-साठ वेळा चावून गिळतं आणि लगेच दुसरा वर आणतं. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरा. मिनिटाला एक-दोनदा पोट आतून मूठ ढकलतं. ढकललं नाही, तर ताप मोजा. १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट ठीक. खरी पोटफुगी असेल तर डावी भकाळी टम्म होते आणि टिचकी मारल्यावर ढोलासारखी वाजते. तेव्हाही औषध पाजताना जीभ मोकळी, तोंड पाठीच्या रेषेत, आणि ठसका येताच थांबायचं.

नाकपुडी कोरडी, पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसली तर गोचीड शोधा. गळा सुजून घरघर लागली, तर घटसर्प समजून डॉक्टरांना बोलवायला तासभरही थांबू नका. त्याची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्यावी.

वरातीच्या घोड्याला मात्र रवंथ नसतो, त्याची खूण वेगळी. तो पुन्हापुन्हा पोटाकडे वळून पाहतो, पायाने माती उकरतो, लीद टाकत नाही, म्हणजे पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे तिथेही घरगुती पाजणं नको.

जनावरांच्या डॉक्टरांसाठी १९६२ या क्रमांकावर फोन लावला की रवंथ कधी बंद झाला, शेण कसं पडलं, लघवीचा रंग काय, हे सांगा. आधी काही पाजलं असेल, तर तेही लपवू नका.